कोल्हापुरातल्या कळंब्याच्या घराची फुलबाग: पहिल्या वर्षाच्या नोंदी

१९ मे २०२४, रविवार

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली आणि आज पहिल्यांदा घरापुढच्या जागेकडं नीट बघायला वेळ मिळाला. नऊ फूट रुंद, चोवीस फूट लांब पट्टा. तोंड पूर्वेला. ऊन सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत, पुढं घराची सावली. फाटकाजवळच्या कोपऱ्यात मात्र तीनपर्यंत ऊन राहतं.

खोरं मारलं की ठिणगी उडते. वर दोन इंच माती, खाली मुरूम, विटांचे तुकडे, बांधकामाचा वाळलेला सिमेंटचा माल. दीड फुटाचा खड्डा काढून नऊ वाजता बादलीभर पाणी ओतलं, एक वाजता निम्मं तसंच होतं. मूठभर मातीवर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला, म्हणजे चुना-सिमेंट भरपूर. अशा जागेत काहीही लावलं तरी मुळं बसणार पाण्यात आणि चुन्यात.

एक गोष्ट ठरवून टाकली. रोपं विकत आणायची नाहीत. माझ्या माहेरी, सासरी, मामाकडं, मावशीकडं फुलांना तोटा नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, तेवढी वर्षं फ्लॅटच्या गॅलरीत दोन तुळशी आणि एक कोरफड यावर भागवलं. आता ज्याच्या त्याच्या घरचं एकेक झाड मागून आणायचं. आणि झाडाबरोबर ते झाड त्या घरात कसं वाढलं, तेही विचारून लिहून ठेवायचं. ही वही त्यासाठी.

२ जून

सलग दोन रविवार खोदकाम. माल, विटा, मुरूम मिळून एकसष्ट पाट्या निघाल्या. ह्यांनी मोजल्या. दादानं गावाकडनं, दूधगंगेकाठच्या मळ्यातली माती आणि कुजलेलं शेणखत एका ट्रॉलीत पाठवलं. दोन पाट्या माती, एक पाटी शेणखत, अर्धी पाटी वाळू असं कालवून भरलं. वाफे जमिनीपेक्षा नऊ इंच उंच केले आणि कडेनं विटा उभ्या लावल्या, म्हणजे पावसात पाणी साचणार नाही.

सासूबाई म्हणाल्या, गुऱ्हाळाची राख मिसळ, तुझ्या आजेसासूबाई घालायच्या. इथं मी ऐकलं नाही. राखेनं माती आणखी चुनखडीच्या अंगानं जाते आणि आपली आधीच तशी आहे. पेठेतल्या जुन्या परड्यात ती चालत असेल. हे त्यांना सांगितलं तर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग राख भांड्यांना ठेव."

९ जून

मृग निघाला. आजरा. मामाचं घर गावाबाहेर, अंगणात सोनचाफा, कौलांच्या वर गेलेला. आजोबांनी लावलेला. खाली दरवर्षी रोपं उगवतात. पिकलेलं फळ उकललं की आतलं लाल बी पक्षी खातात आणि टाकतात. मामानं गेल्या पावसाळ्यात त्यातलंच एक पिशवीत लावून ठेवलं होतं, कुणासाठी ते ठरलं नव्हतं. दोन फूट उंच, चौदा पानं.

मामा म्हणाला, "कलमाचा घेतलास तर दोन-तीन वर्षांत फूल देईल. ह्याला सात-आठ वर्षं लागतील. चालतंय का बघ." चालतंय. लेक आता अकरावीत आहे. झाड फुलेल तेव्हा ती कुठं असेल कुणास ठाऊक, पण फूल आलेलं कळवता येईल.

निघताना मामानं अर्धं पोतं तांबडी मातीही गाडीत टाकली. मी म्हणलं, माती आहे आमच्याकडं. तो म्हणाला, "असू दे." कशाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१६ जून

शिवाजी पेठेतलं सासरचं जुनं घर. मागं परडं, आता दोन्ही बाजूंनी इमारती चढल्यात, पण गावठी गुलाब आहे तिथंच आहे. फिका गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा, देठ लवचीक, आणि वास असा की दारातून आत आलं तरी कळतं. सासूबाई दर उन्हाळ्यात त्याचा गुलकंद घालतात.

सासूबाईंनी फांद्या स्वतः निवडल्या. फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड. कोवळी नको, जून झालेली नको. प्रत्येकीवर चार-पाच डोळे. खालचा काप तिरका, डोळ्याच्या लगेच खाली. वरचा काप सरळ. वरच्या तोंडावर शेणाचा छोटा गोळा, म्हणजे काडी वरून वाळत नाही. खाली-वर कळावं म्हणून हा तिरका-सरळ काप, हे त्यांनी दोनदा सांगितलं. उलटी खोचलेली काडी लागत नाही.

बारा काड्या लावल्या. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. मागच्या दाराशी, सावलीत. त्याच परड्यातून कुंद्याची मुळासकट फुटलेली एक दांडीही आणली.

निघताना सासूबाईंनी मला परत पाठवलं आणि म्हणाल्या, एक काडी मला न विचारता मोडून घे. मागून नेलेलं झाड लागत नाही, न मागता नेलेलं लागतं, असं त्यांच्या आईचं म्हणणं. त्या पाठ करून उभ्या राहिल्या. मी तेरावी काडी मोडली. ती वेगळ्या डब्यात लावली आहे.

२३ जून

प्रयाग चिखली, मावशीकडं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते ते हे गाव. मावशीचा बटमोगरा तिच्या लग्नातला, म्हणजे पस्तीस-छत्तीस वर्षांचा. आईच्या पिढीतल्या सगळ्यांच्या वेणीत तोच असायचा.

मोगऱ्याची काडी लागते, पण मावशी दाब कलमच करते. फाल्गुनातच तिनं जमिनीलगतची एक फांदी वाकवून, मधल्या पेराखाली साल किंचित खरवडून शेजारच्या कुंडीत दाबली होती. वर विटेचा तुकडा. शेंडा बाहेर. फांदी आईला, म्हणजे मूळ झाडाला, जोडलेली राहते, तिकडून तिला अन्नपाणी मिळत राहतं, आणि दाबलेल्या जागी सावकाश मुळं येतात. तीन महिने झाले होते. आज तिनं आईकडची बाजू कात्रीनं तोडली आणि कुंडी माझ्या हातात दिली. "लगेच वाफ्यात लावू नगं. आत्ताच तुटलंय आईपासनं. पंधरा दिस हितंच ऱ्हाऊ दे कुंडीत."

३० जून

गडहिंग्लजची आत्या स्वतः आली, एस.टी.नं, पदराच्या गाठीत अबोलीचं बी घेऊन. केशरी अबोली.

दुपारी तिनं लेकीला वाळलेलं एक कणीस दिलं आणि पाण्याच्या वाटीत टाकायला सांगितलं. मिनिटभर काही नाही. मग टप्प्, टप्प् करत बोंडं फुटली आणि बी वाटीबाहेर, फरशीवर, पार खुर्चीखाली उडालं. ओल लागली की अबोलीचं बोंड फुटतं. पहिल्या पावसात बी आपोआप लांब जाऊन पडावं अशीच त्याची रचना. म्हणून आत्या कणसं पावसाच्या आधी, कोरडी असतानाच काढून कापडात बांधून ठेवते. लेकीनं सहा कणसं संपवली. आम्ही गुडघ्यावर बसून बी वेचलं, एकशे चार.

आत्यानं आणखी एक सांगितलं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अबोली दोन-तीन वर्षांत एकाएकी खुरटते आणि लोक म्हणतात दृष्ट लागली. उपटून बघितलं की मुळांवर गाठी दिसतात. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे. त्यावर तिचा उपाय, अबोलीच्या ओळीत झेंडू लावायचा. झेंडूच्या मुळांमुळं सूत्रकृमी कमी होतात, हे शेतकीवालेही सांगतात. आत्यानं ते तिच्या सासूकडून घेतलं होतं. सासूला कारण माहीत नव्हतं, ओळी मात्र तशाच घालायच्या हे पक्कं माहीत होतं.

१४ जुलै

मोगरा वाफ्यात लावला. अबोली चौसष्ट उगवली. गुलाबाच्या तेरापैकी अकरा काड्यांना कोंब. पाऊस रोज.

२७ जुलै, शनिवार

पंचगंगेला पूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या वर आहे. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना बाहेर काढलं. २०१९ आणि २०२१ नंतर तिकडच्या लोकांना फार सांगावं लागत नाही, मावशी आणि काका पाणी चढायच्या आधीच म्हशी घेऊन निघाले. म्हशी पाहुण्यांच्या गोठ्यात, ते दोघं आमच्याकडं.

मावशी संध्याकाळी बराच वेळ मोगऱ्यापाशी बसली होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "तिकडचा बुडाला असंल आता." मी काही बोलले नाही. काय बोलणार.

रात्री तिनं समजावून सांगितलं. पुराचं पाणी वाहतं असतं तेव्हा झाडाला तेवढं काही होत नाही. उलट गाळ येतो, तो चांगलाच. पण पाणी उभं राहिलं की मातीतली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. दोन दिवस मोगरा सोसतो. चार-पाच दिवस झाले की वरून पानं हिरवी दिसतात आणि खाली सगळं कुजलेलं असतं. २०२१ ला तिचा मोगरा वाचला होता कारण तिनं पाणी उतरल्या उतरल्या बुंध्याभोवतीचा गाळ हातानं काढला होता.

४ ऑगस्ट

मावशी परत गेली. परवा फोन. घरात गाळ, भिंतीला ओल, पण घर उभं. मोगरा हिरवा दिसतोय म्हणाली.

११ ऑगस्ट

गुलाब. अकरा काड्यांना पानं आली होती, बोट-बोट लांब कोंब. लेकीनं एक अलगद उपटून बघितली. एकही मूळ नाही. काडीत साठलेल्या अन्नावर आधी कोंब फुटतात, मुळं नंतर. ते अन्न संपेपर्यंत मुळं आली तर झाड, नाहीतर पानं माना टाकतात. ह्या आठवड्यात सात काड्यांनी टाकल्या. पाऊस सतत होता आणि डब्यांना भोकं कमी होती, ही माझीच चूक. काळ्या पडलेल्या बुडांना कुजका वास येत होता.

आता चार उरल्या. त्यातली एक तेरावी, ती वेगळ्या डब्यातली. त्या डब्याला भोकं जास्त होती. सासूबाईंना मी फक्त एवढंच सांगितलं की तेरावी जगली. त्या खूप खूश झाल्या.

१८ ऑगस्ट

मावशीचा मोगरा गेला. तिनं फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि मग जोंधळ्याबद्दल बोलत राहिली.

आज वाफ्याजवळ गेले तर आमच्या मोगऱ्याला दोन नवीन फुटवे दिसले. आता ह्या वंशाचं हे एकच झाड आपल्यात आहे. आई, मामी, आम्ही बहिणी, कुणी कधी नेलंच नव्हतं. मावशीकडं आहे की, असं सगळ्यांना वाटायचं.

लगेच दाब द्यावा का, असं मनात आलं. पण झाड लहान आहे, जमिनीलगत वाकेल अशी एकच फांदी. महिनाभर वाढू दे.

२५ ऑगस्ट

सोनचाफा पिवळा पडतोय. जुनी पानं ठीक आहेत, नवी पानं लिंबाच्या रंगाची आणि त्यात फक्त शिरा हिरव्या. मी शेणखत वाढवलं होतं, त्यानं काही फरक नाही.

मामाला फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "पाणी कुठलं घालतीस?" बोअरचं. "माती कसली?" काळी. "मग ती तांबडी माती कुठाय?" मागं, पोत्यातच.

त्याचं म्हणणं, आजऱ्याच्या तांबड्या मातीत हा चाफा वाढलाय. ती माती जरा आंबट. आपली काळी माती आणि बोअरचं जड पाणी दोन्ही चुनखडीचं. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. लोह कमी पडलं की नव्या पानाचा हिरवा रंग जातो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी झाली असती. कुठलं पान पिवळं, ह्यावरून दुखणं ओळखायचं.

उपाय दोन. आत्तापुरता, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी परत. कायमचा, बुंध्याभोवती दीड फूट रुंदीत काळी माती काढून तांबडी भरायची आणि पाणी पावसाचं साठवलेलंच द्यायचं. दोन्ही केलं. पागोळ्यांखाली पिंप लावलं आहे.

मामानं माती दिली तेव्हा मी विचारायला हवं होतं. झाडाबरोबर त्याच्या घरची माहिती लिहून घ्यायची असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि माहिती तर पोत्यात भरून दिली होती.

१० सप्टेंबर, गौरी आवाहन

तेरड्याची गौर. शेजारणींबरोबर पाणवठ्यावर गेलो, पाच-पाच डहाळ्या. येताना लेकीनं पिकलेली तेरड्याची बोंडं चिमटीत धरून फोडली. अबोलीला पाणी लागतं, तेरड्याला नुसता हात. बी कागदात बांधून ठेवलं.

सोनचाफ्याचं नवं पान आलं, हिरवं. पोपटी म्हणू, पण पिवळं नाही.

२२ सप्टेंबर

मोगऱ्याला दाब दिला. एक फांदी, मावशीनं दाखवलं तसं. वर विटेचा तुकडा, तोही ह्याच घराच्या खोदकामातला.

१२ ऑक्टोबर, दसरा

अबोलीच्या ओळीत जुलैअखेर टाकलेला झेंडू फुलला. पेरल्यापासून सुमारे अडीच महिने. बी थोरल्या जाऊबाईंनी गेल्या दसऱ्याच्या तोरणातल्या वाळलेल्या फुलांचं दिलं होतं. सगळी झाडं सारखी नाहीत. एक गोंड्यासारखं भरगच्च, दोन एकेरी पाकळीची, एक उंच आणि उशिरा फुललेलं. बाजारातला झेंडू बहुतेक संकरित, त्याच्या बीपासून तशीच फुलं येत नाहीत. मला ही सरमिसळ आवडली. भरगच्चचं बी वेगळं धरणार आहे.

तोरण घरच्या फुलांचं. दारापुरतंच झालं, गाडीला पुरलं नाही. संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो.

२० ऑक्टोबर

शेवंती. इचलकरंजीच्या वन्संनी जूनमध्ये काशा दिल्या होत्या, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं. सहा लावल्या, तीन फाटकाजवळ वाफ्यात, तीन कुंड्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा शेंडे खुडले, झाडं घेरदार झाली. पण कळी नाही. वन्संच्या घरी कळ्या केव्हाच धरल्यात.

रात्री जेवण झाल्यावर फाटक लावायला गेले तेव्हा लक्षात आलं. फाटकासमोर रस्त्यावरचा दिवा आहे, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. शेवंती दिवस लहान झाले की कळी धरते, खरं म्हणजे तिला लांब अखंड रात्र लागते. आमच्या शेवंतीला रात्रच मिळालेली नाही.

तीन कुंड्या आज मागच्या दारी अंधारात नेल्या. वाफ्यातल्या तीन तिथंच. बघू.

१० नोव्हेंबर

वन्संनी दिवाळीत दिलेल्या जास्वंदीवर कोवळ्या शेंड्यांना कापसासारखं पांढरं. पिठ्या ढेकूण. मुंग्या वरखाली करत होत्या. तो चिकट गोड रस सोडतो, मुंग्या त्या रसासाठी त्याला जपतात, एका फांदीवरून दुसरीकडे नेतात. आठ दिवसांत तो शेजारच्या कुंडीवर गेला. जुन्या टूथब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं काढला, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, आठवड्याच्या अंतरानं तीन फवारे.

वन्संना सांगावं की नाही, यावर दोन दिवस गेले. भेट दिलेल्या झाडाला नाव ठेवल्यासारखं होईल असं वाटत होतं. पण त्यांच्या घरी चाळीसेक कुंड्या आहेत. शेवटी फोन केला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, बरं झालं सांगितलंत. माझ्या तगरीवर कायतरी पांढरं दिसतंय, मी धूळ समजत होते."

यापुढं नवीन आलेलं झाड, कुणाचंही असो, पंधरा दिवस मागं वेगळं ठेवायचं. पानांच्या खालची बाजू आणि बगला बघायच्या.

१५ डिसेंबर

अंधारातल्या तीन शेवंती फुलल्या, पिवळ्याधमक. दिव्याखालच्या तिघींना आता कुठं बारीक कळ्या, त्याही दिव्याच्या उलट बाजूला. फोटो सगळ्यांना पाठवला. पुढच्या वर्षी फाटकाजवळ शेवंती नाही. तिथं कण्हेर किंवा तगर.

कुंद्याला पहिली कळी. थंडीत फुलणारा, म्हणून सासूबाई म्हणायच्या की पौषात देवाला दुसरं काही नसतं, कुंदा असतो.

५ जानेवारी २०२५

मोगऱ्याची छाटणी. मावशीला बोलावलं होतं, छाटायचा माझा हात होईना. डिसेंबरच्या मध्यापासून तिच्या सांगण्यावरून पाणी तोडलं होतं, पानं मलूल झाली होती. तिनं कात्री घेतली, दीड फुटावर सगळं सरळ कापलं, राहिलेली पानंही खुडली. नुसत्या काड्या. मग बुंध्याभोवती माती उकरून मुळांना चार दिवस ऊन दिलं, नंतर शेणखत आणि पाणी. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, जुन्या काडीवर नाही. म्हणून नवी फूट काढायला लावायची.

दाबलेल्या फांदीला मात्र तिनं हात लावला नाही. वीट उचलून बोटानं माती बाजूला केली. पांढरी मुळं, चांगली बोटभर. तिनं परत माती सारली, वीट ठेवली. "अजून आठ दिस."

१४ जानेवारी, संक्रांत

ह्या वर्षीचं वाण म्हणजे रोपं. ऑक्टोबरपासून तयारी होती. नारळाच्या करवंट्या, बुडाला भोक, त्यात अबोलीची रोपं, कुंद्याच्या मुळं फुटलेल्या दांड्या आणि झेंडूची चार-चार पानांची रोपटी. चोवीस करवंट्या. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला एक, आणि बरोबर हातानं लिहिलेली चिठ्ठी, झाड कुणाकडचं आणि त्याला काय चालतं. अबोलीच्या चिठ्ठीवर "गडहिंग्लजच्या आत्याची, ओळीत झेंडू लावा."

मोगरा करवंटीत नव्हता. तो मातीच्या कुंडीत, वेगळा, मावशीच्या ओटीत दिला. ती रथसप्तमीला येणार होती, आजच आली. तिनं कुंडी मांडीवर घेऊन पेराशी कापलेली जागा बघितली, अंगठा फिरवला. "नीट कापलंयस." एवढंच.

२ मार्च

मोगऱ्याला कळ्या, पहिल्या तोडीत एकवीस. संध्याकाळी तोडून ओल्या फडक्यात ठेवल्या, रात्री आठच्या सुमारास उमलल्या. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवल्या. वास जात नाही म्हणून ती हळहळली. उद्या ह्यांच्याबरोबर पुडी पाठवते.

गावठी गुलाबाच्या चारपैकी तीन झाडांना कळ्या. चौथं अजून दोन फुटांचंच आहे.

३० मार्च, पाडवा

गुढीला घरची माळ, झेंडू आणि गुलाब. गुलाबाचा वास परड्यातल्यासारखाच आहे का, हे सासूबाईंना विचारलं. त्यांनी फूल दोनदा नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "तसाच. पण थोडा तरणा."

१२ एप्रिल, जोतिबाची यात्रा

दवणा मिळाला. काका डोंगरावरून घेऊन आले, गुलालानं लाल झालेली एक जुडी. देवाला वाहून उरलेल्या काड्यांपैकी चार कुंडीत खोचल्या, मुळं धरतात का बघायचं. दवण्याच्या पानाचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहिला.

२० एप्रिल

चिखलीला गेले होते. मावशीनं मोगरा जमिनीत लावलेला नाही. निळ्या पिंपाचं अर्ध कापून, तळाला सात-आठ भोकं पाडून, त्यात लावलाय आणि पिंप जिन्यावरून गच्चीवर चढवलंय. चार माणसं लागली म्हणाली. काका म्हणत होते की जमिनीतला मोगरा जेवढा भरतो तेवढा हा भरणार नाही, रोज पाणी लागेल. ती म्हणाली, "घालीन की रोज."

तीन कळ्या होत्या. पिंपाशेजारी तेलाचा रिकामा डबा, मातीनं भरलेला. मोगऱ्याची एक फांदी वाकवून त्यात दाबलेली, वर विटेचा तुकडा. हा कुणासाठी, मी विचारलं. अजून ठरलं नाही म्हणाली. तुझी मामी मागत होती, तुझी आईपण.

२७ एप्रिल

सोनचाफा: उंची ३ फूट २ इंच. ह्या महिन्यात अकरा नवी पानं, सगळी हिरवी. पिंपातलं पावसाचं पाणी संपलं. बोअरचंच पाणी द्यायला लागलंय, म्हणून हिराकसाचा एक फवारा काल दिला. मामाला कळवलं. तो म्हणाला, मृगापर्यंत सांभाळ, आणि येताना पोतं घेऊन ये, रिकामं.